आत्मा तोलण्यापूर्वी घ्यायची काळजी

तुम्ही अखेर मनावर घेतलंत, हे उत्तम झालं. आत्मा आहे, देव आहे, हे तुम्हाला ठाऊक होतंच. आता ते विज्ञानाकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यायचं आहे. पूर्वी नुसत्या श्रद्धेवर भागायचं. हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धेला कोणी विचारत नाही, खाली 'शास्त्रज्ञही चक्रावले' अशी ओळ लागते. ती ओळ प्रामाणिकपणे मिळवायला गेलात तर आयुष्य जाईल. म्हणून या सूचना.

सुरुवात न्यूट्रिनोपासून करा. "विज्ञान तरी सगळं डोळ्यांनी बघतं का हो?" हे वाक्य पाठ असू द्या. १९३० साली वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने बीटा ऱ्हासात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत) हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळावा म्हणून हा कण कल्पिला, जो कोणी पाहिला नव्हता, ज्याला विद्युतभार नव्हता आणि जो कशालाही फारसा न धडकता आरपार जायचा. वर्णन ऐकलंत? नैनं छिन्दन्ति शस्त्राणि! समोरचा मान डोलावेल, कारण इथवर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जे दिसत नाही त्याचा माग त्याच्या परिणामांवरून काढणं हा विज्ञानाचा रोजचा उद्योग आहे.

इथेच थांबा. पुढचं सांगितलंत तर घात होईल. पुढचं असं की १९५६ साली कॉवन आणि रीन्स यांनी अमेरिकेतल्या सॅव्हाना रिव्हर इथल्या अणुभट्टीजवळ कॅडमियम क्लोराइड घातलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. न्यूट्रिनो प्रोटॉनला धडकलाच तर आधी पॉझिट्रॉनची (इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाची) एक चमक दिसेल आणि काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमने न्यूट्रॉन गिळल्याची दुसरी, हे त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं. तशा जोडचमका तासाला साधारण तीन मिळाल्या. मग अणुभट्टी बंद असताना काय होतं ते त्यांनी पाहिलं. मोजणी खाली आली.

हे 'बंद'चं बटण तुमचा खरा शत्रू आहे. ज्या प्रयोगात ते असतं तो हरू शकतो, आणि तुम्हाला हरायचं नाही. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं म्हणून सुटायला जाल तर आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, आडवे येतील. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. ते एक स्वयंपाकघर मागायचे, जिथे अग्नी आहे आणि धूरही आहे; आणि एक डोह मागायचे, जिथे अग्नी नाही आणि धूरही नाही. पहिला सपक्ष, दुसरा विपक्ष. आत्म्याच्या प्रयोगात कोणी तुमच्याकडे डोह मागितला, की 'हा अनुभवाचा विषय आहे' म्हणून विषय बदला. मग प्रयोगशाळेत कशाला निघालात, असं विचारणारा एखादा निघतोच. त्याला ग्रुपमधून काढण्याची सोय ॲडमिनकडे असते.

आता साहित्य. आदर्श म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरिल गावचे डॉ. डंकन मॅकडूगल डोळ्यांसमोर ठेवा. तुम्हाला दर सहा महिन्यांनी फॉरवर्डमध्ये येणारं आत्म्याचं २१ ग्रॅम वजन यांचंच. त्यांनी मालाचा प्लॅटफॉर्म काटा घेतला, त्यावर चौकट बसवून खाट ठेवली आणि खाटेवर मरणासन्न रुग्ण. रुग्ण शक्यतो क्षयाचे, कारण क्षयाने खंगलेला माणूस जाताना फारशी हालचाल करत नाही आणि काट्याची दांडी डळमळत नाही. काट्याला औंसाचा दोन-दशांश भाग, म्हणजे साडेपाच-पावणेसहा ग्रॅम, इतका फरक कळायचा. १० एप्रिल १९०१ रोजी पहिला रुग्ण ३ तास ४० मिनिटं काट्यावर होता. त्याचं वजन घाम आणि श्वासातल्या वाफेमुळे तासाला सुमारे एक औंस या गतीने घटतच होतं. प्राण गेला त्या क्षणी दांडी खालच्या आडव्या पट्टीवर आवाज करून आदळली आणि तिथेच राहिली. पाऊण औंस. २१ ग्रॅम.

तुम्ही इथेच वाचन थांबवलंत तर काम झालं. मॅकडूगल मात्र सहा रुग्णांपर्यंत गेले, ही त्यांची चूक. दुसऱ्या रुग्णाचा श्वास थांबला तरी चेहऱ्याचे स्नायू पंधरा मिनिटं हलत होते. ते थांबले तेव्हा अर्धा औंस गेला, आणि छातीला स्टेथोस्कोप लावून परत तोललं तर दीड औंसाहूनही जास्त. मृत्यू नक्की कधी झाला हे ठरवायला तेव्हा ईसीजी नव्हता, त्यामुळे जिथे दांडी पडली तो मृत्यूचा क्षण, असं उलट्या बाजूनेही म्हणता यायचं. ही सोय आता गेली आहे, म्हणून तुमच्या खोलीत मॉनिटर लावू नका. तिसऱ्याचा अर्धा औंस लगेच गेला आणि आणखी एक औंस काही मिनिटांनी. चौथा रुग्ण बाद, कारण काटा नीट जुळवलेला नव्हता आणि विरोधकांनी व्यत्यय आणला. पाचव्याच्या वेळी दांडी पडली, पण ती वर आणायला ठेवलेली वजनं काढून घेतली तर पंधरा मिनिटं परत पडेचना. सहावा काटा जुळवत असतानाच गेला. तोही बाद.

एका रुग्णाच्या बाबतीत वजन घटायला मिनिटभर उशीर झाला. डॉक्टरांचा खुलासा असा की हा गृहस्थ स्वभावानेच संथ होता, तेव्हा त्याचा आत्माही निघायला रेंगाळला. हा खुलासा कागदावर उतरवून घ्या. उशिरा आलेल्या कोणत्याही आकड्याला तो चालतो.

टीका होणार, तिची तयारी ठेवा. १९०७ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरने म्हटलं होतं की फुप्फुसं थांबली की रक्त थंड करणारी यंत्रणा थांबते, अंग तापतं, घाम सुटतो आणि वजन घटतं. एका क्षणात २१ ग्रॅम घाम उडेल का, यावर भांडता येतं, जरूर भांडा. फुप्फुसातली हवा बाहेर गेली असेल, असं कोणी म्हणालं तर मात्र तुम्ही बेलाशक जिंकाल. सहा लिटर हवा धरली तरी ती सात-साडेसात ग्रॅम, आणि हवेतच तोलत असल्यामुळे काट्यावर तिचं वजन जवळपास शून्य. एकच प्रश्न कोणाला विचारू देऊ नका: चार रुग्णांचे आकडे चार तऱ्हांचे आले, तर खुलासा नक्की कोणत्या आकड्याचा करायचा? स्वतः मॅकडूगलनेच लिहून ठेवलं होतं की खात्रीने काही म्हणण्यापूर्वी असे पुष्कळ प्रयोग व्हायला हवेत. हे वाक्य फॉरवर्ड करताना गाळावं. आजवर सगळ्यांनी गाळलंच आहे.

आणि कुत्रे. मराठी ग्रुपवर हा मजकूर टाकताना सगळ्यात जपायचं ते इथे. मॅकडूगलना डोहाची, म्हणजे विपक्षाची, गरज कळली होती, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी पंधरा कुत्रे आणखी नाजूक काट्यावर ठेवून मरू दिले. वजनात फरक शून्य. क्षयाने खंगलेले कुत्रे मिळत नसल्याने त्यांना कसं मरू दिलं असेल, याची कल्पना केलेली बरी. त्यांच्या मते हे अगदी हवं तसं झालं, कारण त्यांच्या श्रद्धेत कुत्र्याला आत्मा नव्हताच. पण तुमचं काय? 'शुनि चैव श्वपाके च पण्डिताः समदर्शिनः' हे तुम्ही गीतेत वाचता. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तुमचे. २१ ग्रॅम मान्य केले की शून्य ग्रॅमही मान्य करावे लागतात, आणि मग नामदेव कोणामागे धावत होते हे सांगावं लागतं. तेव्हा कुत्रे वगळा. निम्मा प्रयोग गेला तर गेला, निष्कर्ष राहतो.

काही जण म्हणतील, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. बरोबर आहे, होतं, आणि जास्त चांगलं होतं. बौद्धांच्या दीघनिकायातल्या पायासि सुत्तात राजा पायासि परलोक नाही हे दाखवायला चोराला जिवंतपणी तोलतो आणि दोरीने गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोलतो. त्याच्या काट्यावर प्रेत जड भरतं. कुमार कस्सप हा भिक्खू उत्तर देतो: तापलेला लोखंडी गोळा हलका असतो आणि थंड झाला की जड होतो, तसंच हे. (गंमत अशी की संवेदनशील तराजूवर गरम वस्तू खरोखर किंचित हलकी भरते, कारण तिच्याभोवतीची गरम हवा वर चढताना तिलाही उचलते. म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मूस थंड झाल्याशिवाय तोलत नाहीत. आणि त्या भिक्खूला आत्मा सिद्ध करायचाच नव्हता, फक्त परलोक. पण हे बारकावे फॉरवर्डमध्ये मावत नाहीत.) श्वेतांबर जैनांच्या रायपसेणिय सूत्रात असाच राजा, असाच चोर, आणि वजन मात्र दोन्ही वेळा सारखं. केशी मुनी म्हणतात, चामड्याची पिशवी हवा भरून तोल आणि हवा काढून तोल, फरक पडतो का?

म्हणजे पाहा: एकीकडे मेल्यावर माणूस हलका झाला, एकीकडे जड झाला, एकीकडे होता तेवढाच राहिला. तिन्हींचा अर्थ एकच लागला. इतकी बळकट उपपत्ती भौतिकशास्त्राकडे नाही. तुमच्या काट्यावर जे काही येईल ते घेऊन निर्धास्त घरी जा.

देवाचा प्रयोग करायचा असेल तर काटा नको, प्रार्थना लागेल. मात्रा काय घ्यायची यावर एकमत नाही, त्यामुळे कितीही घ्या. १८७२ साली फ्रान्सिस गॉल्टनने अगदी स्वस्तात काम उरकलं. इंग्लंडात चर्चमध्ये राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळे प्रार्थना करतात, तर राजे जास्त जगतात का? राजघराण्यातल्यांचं सरासरी आयुष्य निघालं ६४.०४ वर्षं, सुखवस्तू वर्गांत सगळ्यात कमी. ही पद्धत वापरू नका. हिला खर्च नाही आणि निकाल लगेच लागतो.

त्यापेक्षा रँडॉल्फ बर्डची, १९८८ सालची. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात हृदयविकाराच्या ३९३ रुग्णांपैकी काहींसाठी प्रार्थना केली आणि दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या. सहांत प्रार्थनेचा गट सरस निघाला. इथे शिकण्यासारखं म्हणजे पुष्कळ गोष्टी मोजा. २० गोष्टी मोजल्या तर निव्वळ योगायोगानेही सरासरी एखादी सांख्यिकीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीला उतरते, आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींत गुंतलेल्या असतील तर झुंडीने उतरतात. कोणती महत्त्वाची हे निकालानंतर ठरवा. आपण नवसाच्या बाबतीत हेच करतो. फेडलेल्या नवसाचा नारळ फुटतो, न पावलेल्याची नोंद देवस्थानाच्या कुठल्याही वहीत होत नाही.

हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने मात्र पथ्य पाळलं नाही. सहा रुग्णालयं, बायपासचे १८०२ रुग्ण, २४ लाख डॉलर, त्यातले बहुतेक टेम्पलटन फाउंडेशनचे, म्हणजे देवाच्या बाजूने आशा असलेल्यांचे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस तीन ख्रिस्ती प्रार्थनागट रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर घेऊन एकच ठरलेलं वाक्य म्हणायचे: शस्त्रक्रिया यशस्वी होवो, लवकर बरं वाटो, गुंतागुंत न होवो. मोजायचं काय, तर ३० दिवसांत गुंतागुंत झाली की नाही. हे आधी ठरवलं, आणि तिथेच बुडाले. २००६ साली निकाल आला: प्रार्थना झाली पण माहीत नाही अशांत ५२ टक्के, झाली नाही आणि माहीत नाही अशांत ५१, आणि तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे असं सांगितलेल्यांत ५९. 'आपली तब्येत इतकी वाईट आहे की लोकांना प्रार्थनेला बसवलंय' ही धास्ती, असा एक अंदाज संशोधकांनीच मांडला. तेव्हा पेशंटला भेटायला जाल तेव्हा अभिषेक सांगितल्याचं त्याला सांगू नका. ही या लेखातली एकमेव खरी वैद्यकीय सूचना.

पण या प्रयोगातही तुमच्यासाठी पळवाट आहे, आणि ती खरीखुरी आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना 'झाली नाही', त्यांच्या बायकामुलांनी, मावशा-आत्यांनी ती केलीच असणार. बहुतेक रुग्णांची तशी अपेक्षा होतीच. त्यांना गप्प कसं बसवणार? आणि बसवलंत तरी देव सर्वज्ञ असेल तर न मागताही देईल. विना-देव गट बनवायला जी खोली लागते, जिथे तो नाही, ती मिळणार कुठे? प्रल्हादाने खांबाचाही प्रश्न निकालात काढला आहे. अणुभट्टी बंद करता येते, देव बंद करता येत नाही, आणि जे बंद करता येत नाही त्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. हे तुम्ही प्रयोगानंतर म्हणायचं आहे. प्रयोगाआधी म्हणालात तर २४ लाख डॉलर कोणी देणार नाही.

हेल्मेटच्या फंदात पडू नका. कॅनडातल्या सडबरीच्या मायकेल पर्सिंगरने हेल्मेटमधून डोक्याभोवती मायक्रोटेस्लाच्या घरातलं, म्हणजे अगदी क्षीण, चुंबकीय क्षेत्र देऊन 'कोणीतरी जवळ असल्याचा' अनुभव दिल्याचा दावा केला होता. उप्सालाच्या स्वीडिश मंडळींनी तेच दुहेरी अंध पद्धतीने केलं, म्हणजे क्षेत्र चालू आहे की बंद हे ना बसणाऱ्याला ठाऊक, ना बसवणाऱ्याला. बंद असतानाही अनुभव आले. ज्यांच्यावर सूचनेचा लवकर परिणाम होतो अशांना जास्त आले. पुन्हा बटणच.

मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांवर काम करायचं असेल तर सॅम पार्निया या डॉक्टरांची युक्ती बघा, कारण ती फार सुंदर आहे. आत्मा शरीराबाहेर पडून छतापाशी तरंगतो म्हणतात ना? मग पलंगाच्या वर, छताजवळ, फळी ठोका आणि फळीच्या वरच्या बाजूला चित्र ठेवा, जे फक्त वरूनच दिसेल. परत आलेल्याला विचारा, काय चित्र होतं. १५ रुग्णालयं, सुमारे हजार फळ्या, हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना. ३३० जगले, १४० बोलण्याच्या स्थितीत होते, आणि आसपासचं पाहिल्या-ऐकल्याची आठवण सांगणारे दोन. त्या दोघांची हृदयं जिथे थांबली तिथे फळीच नव्हती. एकूण ७८ टक्के लोक फळी नसलेल्या जागीच कोसळले होते. तुमच्यासाठी धडा सरळ आहे: फळ्या ठोका, पण थोड्या ठोका.

किती अचूक आलं तर पास, हे आधी लिहून देण्याचा मोह टाळा. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांची अशीच परीक्षा घेतली. प्रत्येकाला ४० कुंडल्या, हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं ते ओळखा, २८ बरोबर आल्या तर मानलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल २४, सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर साधारण ५० टक्के आले असते. हे २८ आधी लिहिलं नसतं तर २४ आणणाऱ्या गृहस्थांचा सत्कार करता आला असता. आत्मा तर कुंडलीपेक्षा कितीतरी नाजूक. त्याला आकड्यात अडकवू नका.

एवढं पाळूनही निकाल विरोधात गेलाच, तर खचून जाऊ नका. इस्रायलमधल्या लिओनार्ड लाइबोविची यांनी १९९० ते १९९६ या काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३३९३ रुग्णांची यादी काढली, २००० साली चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले आणि एका गटासाठी तेव्हा प्रार्थना करवली. रुग्ण चार ते दहा वर्षांपूर्वीच बरे झालेले किंवा गेलेले. तरी प्रार्थनेच्या गटाचा ताप लवकर उतरलेला आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला, तोही सांख्यिकीच्या कसोटीला उतरेल इतका. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २००१ च्या नाताळ अंकात, जिथे थट्टेचे लेखही शास्त्रीय थाटात छापतात, तो छापून आला. ज्या गोष्टीला घडायला वाटच नाही तिच्यासाठीही आकडे कसे जुळतात, हे दाखवायचा त्यांचा हेतू होता. पुढे तो लेख पुष्कळांनी गंभीरपणे पुरावा म्हणून दिला, तुम्हीही द्या. आणि तुमच्या प्रयोगाचा आकडा नको तसा आला असेल, तर अहवाल छापायला टाकण्याआधी आत्ताच एक प्रार्थना करून घ्या. गेल्या महिन्यातल्या काट्यासाठी.